दोन नावांच्या मुलखातल्या सुमनताई

सिंगापुरात, बिशानच्या सुपरमार्केटात सुमनताई जांबोटकर फळांच्या रॅकसमोर उभ्या राहिल्या की मी ट्रॉली घेऊन जरा लांब सरकायचो. त्या एकेक सफरचंद उचलायच्या, चष्मा कपाळावर चढवून देठाजवळचा स्टिकर वाचायच्या आणि मजकूर पटला नाही की पोटातून ‘शी’ म्हणायच्या. ती नाटकातली शी नव्हे. दुधात माशी दिसल्यावर निघते तशी. भोवतालच्या चिनी आज्ज्यांना वाटायचं, फळ किडकं निघालं. त्या आपल्या हातातलंही परत ठेवायच्या. फळाला काही झालेलं नसायचं. स्टिकरवर फक्त ‘इटली’ लिहिलेलं असायचं.

“इटली म्हणे,” सुमनताई म्हणायच्या. “उद्या मला कुणी ‘आशियातली बाई’ म्हणून हाक मारेल.”

आमचं ऑफिस हार्बरफ्रंटला. युरोपातली फळं थंड कंटेनरांतून इकडच्या देशांत पोचवायची, हा कंपनीचा धंदा. मी अकाउंट्सला, सुमनताई कागदपत्रांच्या विभागात. आल्प्समधून येणारा सगळा माल त्यांच्या टेबलावरून जायचा. तो कुठल्या बागेचा, कुठल्या सहकारी संघाचा, कुठल्या गावचा, हे बंदरावरच्या अधिकाऱ्यांना पटेल असं मांडायचं काम त्यांचं. मी नवा होतो तेव्हा एक अडकलेलं बिल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, इटलीतलं कुठलंतरी गाव आहे, त्याचं आहे हे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“कुठलंतरी गाव असं कधी नसतं,” त्या सरळ मराठीत म्हणाल्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव त्यांनी आधीच वाचलं होतं. “बस. सांगतो.”

‘सांगतो’ ऐकून मी चमकलो. मी पुण्याचा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे ऐकून होतो, समोर पहिल्यांदाच ऐकलं. सुमनताई खानापूर तालुक्यातल्या. एरवी त्या अगदी छापील मराठी बोलायच्या, कारण इथल्या मराठी मंडळींसमोर गावाकडचं बोललं की ती हसतात, याचा त्यांना अनुभव होता. पण राग आला किंवा माया आली की ‘करते’चं ‘करतो’ व्हायचं. मग समजायचं, आता जे येतंय ते आतून येतंय.

त्या दिवशी त्यांनी मला ते गाव कुठे आहे ते समजावलं, आणि ते असं:

“तुझी इटली घे. तिचा अगदी वरचा माथा, ऑस्ट्रियाला टेकलेला. कागदावर तिथं एक प्रदेश आहे. पण प्रदेश म्हणजे घरातला सासरा. नाव मोठं, किल्ल्या मात्र दोन सुनांच्या कमरेला. त्या सुना म्हणजे दोन स्वायत्त प्रांत. खालचा त्रेंतो, तिथं इटालियन बोलतात. वरचा दक्षिण तिरोल, तिथं बहुतेक घरांत जर्मन. शाळा, रस्ते, दवाखाने सगळं त्या सुनाच बघतात, सासरा आपला ओटीवर बसून. वरच्या प्रांतात खोऱ्याखोऱ्यांचे संघ, त्यांच्याखाली शंभरावर गावं, गावागणिक एक महापौर. सरपंच म्हण हवं तर. आणि गावागणिक दोन नावं. मेरान आणि मेरानो. ब्रिक्सन आणि ब्रेस्सानोने. श्टेर्त्सिंग आणि व्हिपितेनो. पूर्वेकडच्या दोन खोऱ्यांत लादिन म्हणून तिसरीच एक जुनी भाषा आहे, तिथं तीन नावं. नदीसुद्धा दोन नावांनी वाहते. आणि तू म्हणतोस कुठलंतरी.”

पुढे जेवणाच्या सुट्टीत, फूडकोर्टात मासळीच्या नूडल्स खाताना, बाकीचं कळत गेलं. पहिल्या महायुद्धाआधी तो मुलूख ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीला मिळाला. मग तिथे फॅसिस्टांचं राज्य आलं. जर्मन शाळा बंद झाल्या, गावांना इटालियन नावं लावली गेली, माणसांची नावंही बदलायला लावली. थडग्यांवरसुद्धा जर्मन अक्षरं चालत नसत. लोक गोठ्यांत आणि तळघरांत पोरं जमवून चोरून आपली भाषा शिकवायचे. पुढे पुष्कळ भांडून स्वायत्तता मिळाली. आता सरकारी नोकऱ्या भाषिकांच्या संख्येच्या मापाने वाटतात आणि पाटीवर दोन्ही नावं असतात. सुमनताईंना त्या व्यवस्थेचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. “कारभार किचकट आहे, मान्य,” त्या म्हणायच्या. “पण किचकट कारभार बरा. सोपा कारभार करणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. तो कुणालातरी खोडूनच सोपा केलेला असतो.”

तिथल्या एका सफरचंदांच्या सहकारी संघाचे चिटणीस आलोइस नावाचे गृहस्थ होते. फिन्श्गाऊ नावाच्या पश्चिमेकडच्या कोरड्या खोऱ्यातले, सत्तरीच्या पुढचे. कंपनीने सुमनताईंना एकदा तिकडे पाठवलं होतं तेव्हा आलोइसनी त्यांना सगळं खोरं फिरवून दाखवलं होतं. दर आठवड्याला दोघांचा फोन असायचा. बोलणं इंग्रजीत, पण सुरुवातीला आलोइस त्यांच्या पद्धतीने ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायचे. आपला रामराम, तसं ते. सुमनताईही तितक्याच ठसक्यात ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायच्या आणि उरलेला दिवस त्यांचा बरा जायचा.

आता मिलिंदबद्दल सांगायला हवं. त्याच्याबद्दल लिहायची वेळ आली की माझ्या तोंडाची चव जाते. पण त्याच्यावाचून सुमनताईंची गोष्ट पुरी होत नाही.

मिलिंद कागदपत्रांच्या विभागाचा प्रमुख. ठाण्याचा, सुमनताईंहून वयाने लहान, गोरागोमटा, हसतमुख. कुणाचाही वाढदिवस न विसरणारा. सगळ्यांना आवडायचा, मलाही आवडायचा. आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं महिन्यातल्या एखाद्या रविवारी कुणाच्यातरी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमायची. एका रविवारी मिलिंदने आपल्या युरोप सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले. त्यात एक फोटो होता. बर्फाने गोठलेला तलाव, तलावाच्या मधोमध वर आलेला चर्चचा मनोरा, आणि त्याच्यापुढे बर्फावर उड्या मारणारी मिलिंदची मुलं. सगळ्यांनी वा म्हटलं. मिलिंद म्हणाला, बघा किती क्यूट आहे, तलावात चर्च बांधलंय.

मागच्या रांगेतून ‘शी’ आलं.

सुमनताई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “चर्च तलावात नाही बांधलं. तलाव गावात बांधला. विजेसाठी धरण घातलं आणि गाव बुडवलं. माणसं वर डोंगरावर जाऊन राहिली. तुमची मुलं उड्या मारताहेत ना, त्या बर्फाखाली कुणाचंतरी स्वयंपाकघर आहे.”

कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली अशांपैकी दोन कुटुंबं त्या खोलीत होती. त्यांतल्या एका बाईंनी मान खाली घातली. मिलिंद हसून म्हणाला, ताईंना सगळी माहिती असते. पुढचा फोटो आला, व्हेनिसचा. मला तेव्हा वाटलं होतं की त्याने किती समजुतीने घेतलं. आता वाटतं, त्याला काही समजलंच नव्हतं. त्याने पुढचा फोटो लावला होता, इतकंच.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात नवी संगणक प्रणाली आली आणि मिलिंदने ‘एक जागा, एक नाव’ अशी मोहीम काढली. दोन नावांमुळे गोंधळ होतो, कागद परत येतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणाचं एकच नाव ठेवायचं. इटलीतल्या जागांचं इटालियन. सुमनताईंनी दाखवून दिलं की कागद दोन नावांमुळे परत येत नाहीत, नाव लिहायची चौकट आखूड ठेवल्यामुळे येतात. चौकट वाढवा, झालं. मिलिंद म्हणाला, वर मी शब्द दिलाय. मग सुमनताईंनी दुसरा मुद्दा काढला. संघांची नोंदणी दोन्ही नावांनी आहे, त्यांना विचारल्याशिवाय एक नाव कसं काढणार? मिलिंद म्हणाला, बरोबर आहे, विचारून घेऊ. तो इतका सहज कबूल झाला की सुमनताईंना बरं वाटलं. त्या मला म्हणाल्याही, माणूस ऐकतो हो.

पुढच्या आठवड्यातल्या फोनच्या वेळी मी त्यांच्यासोबत होतो. संघाचं एक बिल मिटवायचं होतं. काचेची छोटी मीटिंग रूम, बाहेर सेंटोसा बेटावर जाणाऱ्या केबल कार आणि खाली बाटामला जाणाऱ्या फेरीबोटी. सुमनताईंनी फोन लावला आणि नेहमीसारखं ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं.

पलीकडून आलोइस म्हणाले, “बोंजोर्नो, सिन्योरा.”

सुमनताई हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा करताहेत. पण आलोइस पुढेही इटालियनच बोलत राहिले, हळू, एकेक शब्द तोडून, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं. सुमनताईंना इटालियन येत नव्हतं. त्या दोनदा म्हणाल्या की मला कळत नाही. तेव्हा ते इंग्रजीत आले.

“तुम्हीच लिहिलंत की एकच भाषा बरी पडते,” ते म्हणाले. “तुमचाही मुलूख दोन भाषांचा आहे, म्हणून तुम्हाला अनुभव आहे, असं लिहिलंत. मी विचार केला, बाईंना सोपं करून द्यावं.”

सुमनताईंचा चेहरा मी पाहत होतो. तो लाल झाला नाही. त्यातला रंग उतरत गेला. त्यांनी एवढंच म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. आलोइस म्हणाले, खाली तुमचं नाव आहे. आणि नमस्कार न करता त्यांनी फोन ठेवला.

प्रकार असा होता. विभागाचा एक सामायिक ईमेल होता. मिलिंदने त्यावरून सगळ्या संघांना पत्र पाठवलं होतं आणि खाली नाव घातलं होतं सुमनताईंचं. जेवताना गप्पांत त्यांनी कधी बेळगावचं, खानापूरचं, पाट्यांच्या भांडणांचं काही सांगितलं असेल, ते त्याने लक्षात ठेवलं होतं आणि पत्रात वापरलं होतं. ‘मी स्वतः अशाच भागातून आले आहे आणि एकच नाव असलेलं किती सोयीचं असतं ते मला माहीत आहे,’ असं. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण दुसऱ्याच्या घरात शिरून, त्याच्याच चुलीवर हे असलं शिजवणारा मी तोवर पाहिला नव्हता.

सुमनताई त्याच्या केबिनमध्ये गेल्या, मी मागोमाग. त्यांनी विचारलं, हे तू लिहिलंस का. तो नाही म्हणाला नाही.

“ताई, वर्डिंग आहे हो फक्त,” तो हसत म्हणाला. “तुमचं नाव घातलं, कारण ते लोक तुमचं ऐकतात. कॉम्प्लिमेंट समजा.”

“काय बोलूलालास तू, तुला कळतंय?” सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “आत्ता लिही त्यांना. हे माझं नव्हतं म्हणून लिही. माझ्यासमोर लिही.”

मिलिंदने लिहिलं नाही. एकदा लिहिलं की कंपनीची विश्वासार्हता जाते, असं त्याचं म्हणणं. प्रकरण एचआरकडे गेलं. मी पाहिलेलं-ऐकलेलं सगळं लेखी दिलं. ते ‘नोंदवून घेतलं’. एचआरच्या बाईंनी आम्हाला बसवून, पाण्याच्या बाटल्या पुढे ठेवून सांगितलं की हे मिसकम्युनिकेशन आहे. हा शब्द मी त्या अर्ध्या तासात इतक्यांदा ऐकला की अजूनही कुणी तो उच्चारला तर मला मळमळतं. सुमनताईंनी परस्पर आलोइसना पत्र लिहू नये, ग्राहकांशी बोलणं आता मिलिंदच करेल, असंही ठरलं. बक्षीस कोणाला आणि शिक्षा कोणाला, हे एकदा त्या बाईंना विचारावं असं वाटलं होतं.

सुमनताईंनी राजीनामा दिला.

सिंगापुरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. त्यांचा इथला पास नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की देश गेला. नवरा लवकर गेल्यावर पोरीला कडेवर घेऊन त्या इथे आल्या होत्या. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज केलेला होता, उत्तर यायचं होतं. मुलगी मुक्ता पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं मराठी समजण्यापुरतं, बोलणं सगळं इथलं. ती आमच्याच घरी बसून आईला म्हणाली, “एकच ईमेल आहे मा. लेट इट गो लाह. सगळ्यांच्या ऑफिसात होतं.” पोरीचं चुकलं नव्हतं. ती घाबरली होती.

सुमनताई म्हणाल्या, “तू राहा, शीक. या काकांकडे खोली आहे. पण मला त्याच्या शेजारी बसून डबा खाता येत नाही गं. घास उतरत नाही.”

इतकं साधं कारण त्यांनी दिलं. तत्त्व, अस्मिता, अन्याय, असलं काही त्या बोलल्या नाहीत. त्यांना कुठलीही गोष्ट आधी घशात कळायची.

निरोपाचा समारंभ मिलिंदनेच आयोजित केला. नको म्हटलं तरी केला. पँट्रीत केक आला आणि त्यावर क्रीमने ‘थँक्यू सुमंत’ लिहिलेलं. बेकरीवाल्याने ऐकताना चूक केली असेल. मिलिंद टाळी वाजवून म्हणाला, चला, नावात काय आहे, केक महत्त्वाचा. सगळे हसले. हे तो ठरवून म्हणाला असता तर मी त्याला थोडा तरी मान दिला असता. सुमनताईंनी सुरी घेतली, केक कापला, एकेका माणसाच्या हातात बशी दिली, मिलिंदच्याही दिली. स्वतः खाल्ला नाही. बोट पुसून पर्स उचलली आणि निघाल्या. मी लिफ्टपर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, “प्रसाद, पोरीला पालेभाजी खायला लावत जा,” आणि लिफ्टचं दार लागलं.

मुक्ता आमच्याकडे राहिली, शिकली, आता चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरीला आहे. सुमनताई बेळगावला भाड्याच्या घरात राहायला गेल्या, तिथल्या एका निर्यातदाराकडे काम करू लागल्या. ‘एक जागा, एक नाव’ वर्षभर चाललं. मग इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटने कळवलं की आल्प्समधली, जर्मन नावाची सफरचंदं जास्त खपतात, अस्सल वाटतात. मिलिंदने महिनाभरात सगळी जर्मन नावं परत आणली आणि त्याबद्दल त्याचं कौतुक झालं.

गेल्या वर्षी सुमनताई गेल्या. पोटात गाठ निघाली, ती कळायला उशीर झाला. मुक्ता शेवटी जवळ होती. ती परत आल्यावर आमच्या रविवारच्या मंडळींनी श्रद्धांजलीसाठी जमायचं ठरवलं. मिलिंद आला. पांढरा कुर्ता घालून आला. माईक घेऊन म्हणाला की स्थानिक नावांचा, विविधतेचा आदर कसा करावा हे ताईंनी आम्हाला शिकवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती नावं टिकवली. ‘आम्ही दोघांनी मिळून’ हे त्याचे शब्द.

मी उठलो आणि काय झालं होतं ते सांगितलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. पत्र कुणी लिहिलं, खाली नाव कुणाचं घातलं, त्यापायी देश कुणाला सोडावा लागला, एवढंच. माझी बायको मुक्ताचा हात धरून बसली होती. मागून कुणीतरी म्हणालं, आत्ता इथे नको. दुसरं कुणी म्हणालं, गेलेल्या माणसाच्या आठवणीत कटुता कशाला. जणू कटुता मी घरून डब्यात घालून आणली होती. कार्यक्रम संपल्यावर मिलिंद माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. म्हणाला, तू इमोशनल झालास, मी समजू शकतो. मी खांदा काढून घेतला. त्याच्याबद्दल मी आता आणखी शाई घालवत नाही.

मला सांगायचं आहे ते सुमनताईंनी बेळगावला सांगितलेलं. ती आमची शेवटची भेट. मी सुट्टीवर पुण्याला आलो होतो, तिथून गाडी करून गेलो. टिळकवाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. तब्येत उतरलेली, पण डोळे तेच. त्यांनी बशीत बेळगावचा कुंदा काढून पुढे ठेवला आणि समोर बसल्या. इथे त्या पूर्ण त्यांच्या बोलीत होत्या.

सिंगापूर सोडल्यावर त्या थेट भारतात आल्याच नव्हत्या. आधी त्या खोऱ्यात गेल्या होत्या, आलोइसना समोरासमोर सांगायला. हे मला तोवर माहीत नव्हतं.

“फोनवर सांगून पटत नसतंय,” त्या म्हणाल्या. “तोंड बघून सांगायला पाहिजे. म्हणून गेलो.”

आलोइसनी ऐकून घेतलं. टोपी काढून माफी मागितली. म्हणाले, त्या पत्रावर माझा लगेच विश्वास बसला, कारण आम्हाला असल्या पत्रांची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. मग जेवायला राहायचा आग्रह केला. त्यांच्या बायकोने पावाचे गोळे घातलेलं सूप चुलीवर ठेवलं होतं. ते होईपर्यंत आलोइस त्यांना बागांच्या वर, डोंगरातल्या पायवाटेवर फिरायला घेऊन गेले. तिथे वाट दाखवणारा एक लाकडी खांब होता. त्यावर वरच्या वस्तीचं नाव जर्मनमध्ये कोरलेलं, आणि त्याखालचं इटालियन नाव चाकूने खरवडून काढलेलं. आलोइसनी खिशातला चाकू काढून दाखवला.

“हसत दाखवला रे,” सुमनताई म्हणाल्या. “पोरानं पहिला नंबर आलेला दाखवावा तसं. म्हणाला, हे मी केलं. ते नाव खोटं आहे, रोममधल्या कुणा माणसानं टेबलावर बसून पाडलेलं.”

मी म्हणालो, ते खरंच होतं की.

“होतं की. मी कुठं नाही म्हटलं? पण आता त्या नावाच्या गावात जन्मलेली इटालियन पोरं हाईत. त्यांनी कुठं जन्मलो म्हणून सांगायचं? मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, त्यांनी जावं खाली, इटालियन मुलखात.”

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्या लहान असताना त्यांच्या गावच्या फाट्यावरच्या मराठी पाटीला कुणीतरी डांबर फासलं. त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक, भजनी, मुंगीला न दुखवणारे. त्यांनी आणि आणखी चौघांनी जाऊन पुढच्या फाट्यावरच्या कन्नड पाटीला डांबर फासलं. घरी येऊन मागच्या दारी रॉकेलने हात धुतले. गावात त्यांचं कौतुक झालं. संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखा लेकीला मांडीवर घेऊन भात कालवला आणि घास भरवला. हाताला डांबराचा आणि रॉकेलचा वास होता. ती तिथेच ओकली.

“शेजारी कन्नड घर होतं. त्यांची गंगव्वा माझ्याबरोबर खेळायची. तिचं मूळ गाव होतं ते, पुसलेलं,” सुमनताई म्हणाल्या. “बाबा वाईट नव्हते रे. आमचं आधी पुसलं होतं, हेही खरं. पण त्यानंतर मी बाबांच्या हातचं कधी खाल्लं नाही. मरेस्तोवर त्यांना कळलं नाही का ते. आणि तिथं त्या डोंगरावर, त्या म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं आणि तोच वास आला.”

त्यांनी आलोइसना सांगितलं की ते खोटं पत्र मी लिहिलं नाही हे सांगायला आलो होतो, ते सांगून झालं, आता तुमच्या घरी जेवत नाही. म्हातारा दुखावला. मग चिडला. तुम्हाला काय कळणार, म्हणाला. त्या बागांमधल्या रस्त्याने चालत एकट्याच स्टेशनवर आल्या. त्याचा पुन्हा कधी फोन आला नाही, त्यांनीही केला नाही.

मला राहवलं नाही. म्हणालो, ताई, मग या असल्या माणसासाठी तुम्ही नोकरी सोडलीत, देश सोडलात, पोरीपासून लांब राहिलात. कधी पश्चात्ताप होत नाही?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो पहिल्या दिवशीचा बिल घेऊन आलेला माणूस झालो.

“त्याच्यासाठी कुठं सोडली?” त्या म्हणाल्या. “खोट्याच्या खाली माझं नाव होतं. ते काढायला सोडली.” मग बशी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “खा. कुंदा उघडा राहिला की कडक होतोय.”